शेवंतामावशी आणि भांड्यांची मशीन

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये जेवण झालं की आपापलं ताट आपणच धुवायचं असतं. नळापाशी रांग लागते. मी ताट धुते आणि मग नकळत बोटाच्या हाडाने त्याच्यावर टकटक करून आवाज ऐकते. मागच्या मुली हसतात. एकीने एकदा विचारलं, हे काय करतेस? मला सांगता आलं नाही. सांगायचं तर शेवंतामावशी सांगावी लागली असती, आणि ती नळावरच्या रांगेत उभं राहून सांगण्यासारखी नाही. इथे तरी नीट जमेल का, ठाऊक नाही.

शेवंतामावशी पांढुर्ण्याला आमच्या मोहल्ल्यात राहायची, आमच्यापासून चौथ्या घरात. वाळकी, उंच, आणि सतत चालणारी. तिला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. विहारात वंदनेला यायची तीसुद्धा मागे दाराला टेकून उभी राहायची. चार घरची भांडी तिच्याकडे होती आणि एका घरी असताना तिचा जीव पुढच्या घरी गेलेला असायचा. बोलायचीही चालता चालता. वाक्य आमच्या दारात सुरू व्हायचं आणि वळणावर संपायचं, त्यामुळे आम्हाला अर्धंच ऐकू यायचं. माझी आई म्हणायची, "शेवंताचं बोलनं आइकाचं असन त पायात चप्पल घाला लागते."

तिला एक खोड होती. घासलेलं प्रत्येक भांडं ती बोटाने वाजवून पाहायची. आवाज बसका आला की भांड्याला कुठेतरी चीर आहे, असं सांगायची, आणि चीर निघायची. आमच्या मोहल्ल्यातला हातपंप एका उन्हाळ्यात पाणी सोडेना. पंचायतीकडून मिस्त्री आला. त्याच्या मते आतलं पाणीच आटलं होतं. मावशी हातात रिकामी बादली घेऊन तिथून चालली होती. तिने दांडा दोनदा वरखाली केला, कान लावला आणि म्हणाली, "पानी हाय. आतला चामडा घसला. हवा पिऊन राहिला तो."

मिस्त्री म्हणाला, "बाई, तू आपले भांडे घास."

"घासतोच हावो मी. तू खोल तवरिक."

त्याने खोललं. आतला चामड्याचा वायसर झिजून कागदासारखा झाला होता. तोपर्यंत मावशी वळणापलीकडे गेली होती. आपलं खरं ठरलं का, हे पाहायलाही ती थांबली नाही.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्या आधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं, त्यामुळे मला इंग्रजी येतं असं सगळ्यांना वाटायचं. मलाही कधीकधी तसं वाटायचं. बाजारातल्या एका डॉक्टरांच्या मुलीला, नीलूला, मी दुपारी गणित शिकवायला जायची. आम्ही मागच्या ओसरीत बसायचो. तिथून एका बाजूला स्वयंपाकघराचं दार दिसायचं आणि दुसऱ्या बाजूला अंगण, आणि अंगणातल्या दगडावर उकिडवी होऊन भांडी घासणारी मावशी. तेवढंच तिचं टेकणं.

त्या घराची एक रीत होती. मावशीने भांडी राखेने घासून, विसळून दगडावर पालथी घालायची. मग डॉक्टरांची आई यायची. तिला सगळे आईजी म्हणायचे. ती गडव्यातलं, म्हणजे तांब्यातलं, पाणी त्या भांड्यांवरून ओतायची आणि मगच ती आत न्यायची. मावशी अकरा वर्षं तिथे काम करत होती आणि अकरा वर्षांत तिने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला नव्हता. तिचा चहाचा कप अंगणातल्या कोनाड्यात असायचा. दांडी तुटलेला. मी शिकवायला लागल्यावर त्याच्याशेजारी एक स्टीलचा ग्लास आला. तो माझा होता. घरात तसेच दोन डझन ग्लास होते, पण माझा कोनाड्यात राहायचा. मी त्यातूनच चहा प्यायची. शिकवणी मला हवी होती. मावशी माझा ग्लासही वाजवून ठेवायची आणि माझ्याकडे न पाहता निघून जायची.

मग मशीन आली. डॉक्टरांचे धाकटे भाऊ परदेशात नोकरीला होते, ते सुट्टीवर येताना घेऊन आले. लाकडी पेटी चौघांनी उतरवली. आतून पांढरी, कपाटाएवढी, समोरून दार उघडणारी भांडी धुवायची मशीन निघाली. पांढुर्ण्यात तोवर कपडे धुवायची मशीनसुद्धा दोन-तीनच घरी असेल. लोक पाहायला येऊन गेले. मावशी ओसरीच्या पायरीखाली उभी होती, हाताला राख लागलेली.

"मंग मी काय करू आता?" तिने विचारलं.

वहिनी, म्हणजे डॉक्टरांची बायको, इकडेतिकडे पाहू लागली. उत्तर आईजींनी दिलं. "उष्टे भांडे मी मशीनमंदी टाकू देनार नाई. सगळ्याइचं उष्टं एका पान्यात फिरन. तू पहिले घासून दे, मी पानी टाकतो, मंग जाऊ दे तिच्यात."

म्हणजे मावशीने राखेने घासलेली, आईजींनी पाणी ओतलेली स्वच्छ भांडी मशीनने पुन्हा धुवायची. नीलू मला हळूच म्हणाली, "दीदी, मंग मशीन काय धुईन?" पण मावशीचं काम राहिलं, म्हणून मला बरं वाटलं.

मशीनबरोबर आलेली पावडर महिन्या-दोन महिन्यांत संपली. वहिनीने कपड्यांची पावडर टाकली. मी नीलूला अपूर्णांक शिकवत होते. स्वयंपाकघरातून आधी वहिनीचा आवाज आला आणि मग फेस. मशीनच्या दाराच्या फटीतून तो निघत होता, फरशीवरून सरकत उंबरठ्यापर्यंत आला. वहिनी झाडूने लोटत होती, तो आणखी वाढत होता. मावशी अंगणातून उंबरठ्याबाहेर येऊन उभी राहिली. फेस तिच्या पायाला लागला.

"वैनी, पहिले पिन काढा भिंतीतून."

वहिनीने मशीनच्या वायरची पिन ओढून काढली.

"आता दार उघडा अन चमचाभर गोडंतेल टाका त्याच्यात."

"तेल? अजून कायले घान करू?"

"टाका त खरं. रामाकोन्याले गुऱ्हाळावर होतो मी लहानपनी. कढई उतू चालली का तेलाचे चार थेंब टाकाचे. फेस खाली बसते."

वहिनीने तेल टाकलं. फेस दमल्यासारखा खाली बसला. वहिनी हसायला लागली, नीलू हसली, आईजीसुद्धा. मावशी दगडाकडे परत गेली. मला एवढंच दिसत राहिलं, की तिने सगळं बाहेरून केलं होतं. एक पाऊल आत टाकलं असतं तर ते दोन मिनिटांत झालं असतं.

पुढे मशीन बंद पडली. घुरघुरायची, पण पाणी फिरवायची नाही. नागपूरहून एक इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने मागचं झाकण काढलं, मोटर जळली असं सांगितलं आणि पुन्हा आला नाही. मावशी अंगणातून म्हणाली, "मोटर जळली असती त वास आला असता. आवाज आइका तिचा. घशात कायतरी अडकलं."

डॉक्टर ऐकणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "मग तूच पाहा."

पाहायचं तर आत यावं लागणार होतं. आईजींनी तोड काढली. बाजारातून चार हमाल बोलावले आणि त्यांनी ती एवढी जड मशीन उचलून अंगणात आणून ठेवली. बाईने आत येऊ नये म्हणून मशीन बाहेर आली.

मावशीने आधी पिन सगळ्यांना दाखवून दगडावर ठेवली. पुढेही ती दर वेळी तसंच करायची. मग दार उघडून हात आत घातला, तळाची जाळी फिरवून बाहेर काढली आणि उपडी केली. राखाडी, सिमेंटसारखा घट्ट गोळा पडला. राख होती. तिनेच घासलेल्या भांड्यांच्या काठांत आणि नक्षीत राहिलेली.

ती तो गोळा हातात धरून जरा वेळ उभी राहिली. तिला काय कळलं होतं, ते मलाही कळलं होतं. राख बंद झाली तर मशीन चालेल. राख बंद झाली तर तिचं काम जाईल. मला वाटलं, ती काही बोलणार नाही. मी तिच्या जागी असते तर बोलले नसते.

"आईजी," ती म्हणाली, "राख बंद करा. राखीनं मरून राहिली ही. खरकटं झटका अन तशेच टाका भांडे."

"अन तू?" आईजींनी विचारलं.

"मले काय विचारता? मशीनचं विचारा."

मग तिने मला हाक मारली. "पोरी, थे पुस्तक वाच बरं. जाळीचं काय लिवलं हाय?"

मशीनबरोबर इंग्रजी पुस्तक होतं. मी पान उघडलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. जाळीचं चित्र होतं, खाली सात-आठ ओळी. मला त्यातले निम्मे शब्द येत नव्हते. पण कॉलेजात जाणारी मुलगी म्हणून मी उभी होते. मी म्हणाले, "महिन्यातून एकदा साफ करावी, असं लिहिलंय."

मावशीने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

त्या घरचं तिचं रोजचं काम सुटलं. मशीन बिघडली की निरोप जायचा, एवढंच उरलं. आणि मशीन दर पंधरा दिवसांनी बिघडायची. दर वेळी चार माणसं ती अंगणात आणायची, मावशी जाळी काढून धुवायची, फिरणाऱ्या पात्याच्या भोकांत साचलेला बोअरच्या पाण्याचा खार गोधडी शिवायच्या दाभणाने मोकळा करायची, लिंबू पिळून पुसायची, आणि चार माणसं ती परत आत न्यायची. एकदा दाराचं रबर फाटलं तर फाटका तुकडा घेऊन ती बसने सौसरला गेली आणि तिथल्या सायकलवाल्याकडून तसंच कापून आणलं. नेमकं बसलं. पण उचलणारी माणसं कुरकुरायला लागली. त्यांतला एक म्हणाला, "डॉक्टर साहेब, या मशीनीपेक्षा बाई हलकी हाय. तिलेच उचलून आत ठेवू काय?" डॉक्टर हसले. आईजी हसल्या नाहीत.

माझी झोप मात्र उडाली होती. मी वाचलेलं खोटं आहे, हे मला आतून माहीत होतं. शेवटी ते पुस्तक मागून घेतलं आणि कॉलेजच्या लायब्ररीत डिक्शनरी घेऊन बसले. सात ओळींना एक तास लागला. संध्याकाळी मावशी कामावरून परतताना मी तिच्या मागे धावले, चप्पलही न घालता.

"मावशी, मी चुकीचं सांगितलं होतं. जाळी रोज धुवायची असं लिहिलंय. रोज, भांडी धुऊन झाल्यावर."

ती चालतच होती. "मले वाटलंच. वाचताना तुया आवाज बसका आला होता."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"चार लोकायसमोर तुले काऊन पाडू? पन आइक. समजलं नाई त समजलं नाई म्हनाचं. भांडं फुटकं हाय हे माहीत असलं का मानूस त्याच्यात पानी भरत नाई." आणि ती वळणावरून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने आईजींना तसं सांगितलं. जाळी रोज धुवावी लागते. रोज मशीन उचलून बाहेर आणता येणार नाही. त्या जाळीत सगळ्या घराचं खरकटं साचायचं, कुजायचं. तिला हात लावायला वहिनी तयार नव्हती आणि आईजींचा प्रश्नच नव्हता. मावशीला ते काम हवं होतं. सुटलेलं घर तिला परत मिळणार होतं. आईजी म्हणाल्या, "पाहू." त्या पाहूला महिना झाला.

हिवाळ्यात नीलूच्या मोठ्या बहिणीला पाहायला सौसरहून पाहुणे यायचे होते. पंचवीस माणसांचं जेवण. सकाळच्या फराळाची भांडी मशीनमध्ये टाकली आणि ती बंद पडली, तळाशी चार बोटं पाणी धरून. तिरपी केली असती तर सगळं स्वयंपाकघरात सांडलं असतं. आणि उचलणार कोण, हाही प्रश्नच होता. संत्र्याचे दिवस होते, माणसं तिगावकडच्या बागांत तोडणीला गेली होती. मावशीला निरोप गेला. ती आली आणि उंबरठ्याबाहेर उभी राहिली. मी ओसरीत होते. नीलूचं गणितात लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

आईजी दोनदा दारापर्यंत आल्या, दोनदा परत गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "ये बाई आत. पाहून घे एकदा."

मावशी हलली नाही. "आजच्यापुरतं येऊ का रोजचं येऊ?"

"पाहुने निंगाले असन सौसरवरून. हे बोलाची वेळ हाय काय?"

"मी कुठं घाई करून राहिली? तुमी सांगा मंग येतो."

आणि ती खाली बसली. उंबरठ्याला लागून, बाहेरच्या बाजूला, मांडी घालून, हात मांडीवर ठेवून. तिला तसं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ती बसली आणि सगळं घर उभं राहिलं. वहिनी स्वयंपाकघरात इकडून तिकडे करू लागली. डॉक्टर दवाखान्यातून डोकावून गेले. आईजी गडवा उचलायच्या आणि परत ठेवायच्या. मला वाटत होतं, मावशी, ऊठ, जा आत, हेही काम जाईल. आणि त्याच वेळी वाटत होतं, उठू नको. बाहेर रस्त्यावर एखादी जीप वाजली की सगळे माना वळवायचे. मावशी वळवत नव्हती. ती मशीनकडे पाहत होती.

"आईजी," वहिनी अखेर म्हणाली. "रोजची जाळी मी धुनार नाई. तुमी धुसान काय?"

आईजींनी हातातला गडवा खाली ठेवून दिला. मग मान दुसरीकडे करून म्हणाल्या, "रोजचं ये."

मावशी उठली. आत गेली. अकरा वर्षांनी, तीन पावलं. आधी पिन काढून खिडकीत ठेवली. मग वाटीने पाणी उपसलं, जाळी काढली, त्याखाली खोल हात घातला. कोपरापर्यंत भिजली. तोंड वर करून, डोळे मिटून ती बोटांनी आतलं चाचपत होती. मग हात बाहेर काढला आणि मूठ आईजींसमोर उघडली. तळहातावर संत्र्याची एक बी होती.

"एवढ्यानं अडलं होतं," ती म्हणाली.

पाहुणे आले, जेवले, गेले. लग्न जमलं. त्याचं इथे काही नाही.

मावशी त्यानंतर रोज आत जायची. रोजचं काम असलं म्हणून सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. कोनाड्यातला कप कोनाड्यातच होता, माझा ग्लासही. आईजी धुऊन निघालेल्या भांड्यांवरही गडव्याने पाणी ओतायच्या. मी ते पाहायची, गणित शिकवायची, चहा प्यायची, आणि घरी जाताना माझीच मला चीड यायची. मावशीसारखं उंबरठ्यावर बसणं मला कधी जमलं नाही.

पुढे शिकायला नागपूरच्या या होस्टेलवर यायच्या आदल्या दिवशी मी शेवटचं शिकवायला गेले. चहा पिऊन ग्लास कोनाड्याकडे नेत होते, तेवढ्यात मावशी घाईघाईने बाहेर आली. तिने माझ्या हातातून ग्लास घेतला, एकदा वाजवला, आणि परत आत गेली. दारातून मला दिसत होतं. मशीनचा वरचा खण ओढून तिने तो ग्लास घरच्या ग्लासांच्या रांगेत उपडा घातला, खण आत लोटला, दार लावलं, बटण दाबलं आणि दाराला कान लावला. आवाज तिला पसंत पडला असावा. ती दुसरं काम करायला लागली.

मशीन थांबेपर्यंत मी नीलूच्या वहीत उगाच काहीतरी लिहीत बसले. मग मावशीने दार उघडलं. वाफ आली. आईजी नेहमीप्रमाणे गडवा घेऊन पुढे झाल्या, दारातून त्यांना कोनाड्यात नुसता कप दिसला, आणि त्या ग्लासांसमोर थांबल्या. सगळे सारखे, सगळे चकचकीत. त्यांनी एकाला हात लावला, मागे घेतला, दुसऱ्याला लावला. माझा कोणता, ते मलाही सांगता आलं नसतं.

"जरा थांबा आईजी," मावशी मागच्या दारातून बाहेर पडता पडता म्हणाली. "सगळेच गरम हाय. हात पोळन."

पुढचंही काहीतरी ती बोलली, पण तोवर ती वळणापलीकडे गेली होती. आईजी गडवा धरून तशाच उभ्या होत्या.